आईचा गुडघा, आईची भूल आणि ती रात्रीची अर्धी गोळी

पत्र:

माझी आई ७६ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जास्त. पुढच्या महिन्यात उजवा गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरलंय. तिला मधुमेह आहे, बीपी आहे, ऐकू कमी येतं. शेजारच्या आजोबांचं हेच ऑपरेशन झालं, तर तिसऱ्या दिवशी ते मुलालाच ओळखेनात, हातातलं सलाईन उपटून टाकलं. तेव्हापासून आईचं एकच, ‘पाय दुखला तरी चालेल, डोकं जायला नको.’ सर्जन म्हणतात पाठीत इंजेक्शन देऊ. मावशी म्हणते पाठीत मुळीच घेऊ नकोस, तिची पाठ सिझेरियनच्या वेळेपासून धरलीय. मग पूर्ण भूल घ्यावी का? वयाला कोणती सोसेल? आई गेली आठ-दहा वर्षं रात्री झोपेची अर्धी गोळी घेते. हे डॉक्टरांना सांगितलेलं तिला आवडत नाही, म्हणून सांगितलं नाही. ऑपरेशनच्या आधी बंद करायचं आम्ही ठरवलंय. तिला बाकी तपशील सांगत नाही, उगाच घाबरेल.
– एक मुलगी

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ती अर्धी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आज नको, ऑपरेशनच्या आदल्या रात्री तर नकोच नको.

गोळीचं नाव तुम्ही कळवलेलं नाही. पण वर्षानुवर्षं रात्री चालणारी गोळी बहुतेक वेळा अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांच्या कुळातली निघते. मेंदू तिच्यावर टेकून उभा राहायला शिकलेला असतो. टेकू एकदम काढला की काही दिवसांत हात कापतात, घाम येतो, झोप पार उडते, जीव बेचैन होतो, आणि वयस्कर माणूस सरळ भ्रमात जाऊ शकतो. म्हणजे शेजारच्या आजोबांसारखं होऊ नये म्हणून जे करायला निघालात, त्यानेच ते ओढवायचं. उलट बाजूही तितकीच खरी आहे. ही गोळी चालू असली तरी म्हातारपणी भ्रमाचा धोका वाढतो, आणि ऑपरेशननंतरच्या तीव्र वेदनाशामकांबरोबर ती घेतली तर श्वास मंदावू शकतो. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशातला हा प्रकार. म्हणूनच तो घरी सोडवायचा नाही. मधे महिना आहे. एवढ्या वेळात डोस हळूहळू कमी करायचा, की आहे तसाच चालू ठेवून बाकीची औषधं त्याप्रमाणे बेतायची, हे गोळी लिहून देणारे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतील. त्यांना माहीत असेल तरच ठरवतील. आईला सांगा की भूलतज्ज्ञाला अशा गोळीचं नवलही नसतं आणि रागही नसतो. राग येतो तो ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्री ती गोष्ट कळली की.

आता आजोबांचं काय झालं ते. जुनी माणसं याला ‘वात झाला’ म्हणायची, आम्ही डिलिरियम म्हणतो. मेंदूवर एकाच वेळी फार ताण आला की लक्ष टिकत नाही. दिवस-रात्रीचा मेळ सुटतो, माणसं ओळखू येत नाहीत, नसलेली दिसतात. साधारण पहिल्या तीन दिवसांत सुरू होतो, सकाळी बरा वाटतो आणि दिवेलागणीला वाढतो. हे वेड नव्हे, आणि बहुतेकांचा काही दिवसांत ओसरतो. सगळ्यांचा पूर्ण ओसरतो असं मात्र मी आईला सांगणार नाही. ज्यांची स्मरणशक्ती आधीच उतरणीला लागलेली असते, त्यांना याचा धोका जास्त असतो आणि त्यातले काही पुढे कित्येक आठवडे, महिने मंदावलेले राहतात. आई हल्ली तेच तेच पुन्हा विचारते का, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळते का, हे तुम्हा मुलांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तसं असेल तर ते ऑपरेशनच्या आधी बोला. पाच-दहा मिनिटांची एक साधी चाचणी असते, ती करून घेता येते.

या भ्रमाचा एक गप्प प्रकारही असतो, आणि तो जास्त फसवा. पेशंट आरडाओरडा करत नाही, सलाईन ओढत नाही, नुसता पडून राहतो, हाक मारली की क्षणभर बघतो आणि पुन्हा डोळे मिटतो. नातेवाईक म्हणतात, ‘छान झोप लागलीय.’ नर्सही निर्धास्त. असं दिसलं तर झोप समजू नका, बोलवा कुणाला तरी.

बरं, मग हे सगळं भूल देण्याच्या प्रकारावर अवलंबून असतं का? मावशींचा, तुमचा आणि सर्जनांचा वाद इथेच अडलाय. मी स्वतः भूल देणारा, तरी सांगतो की तुम्ही समजता तितकं अवलंबून नसतं. २०२१ मध्ये रीगेन नावाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिका आणि कॅनडातले १६०० पेशंट, सगळे खुब्याचं हाड मोडलेले. निम्म्यांना स्पायनल, म्हणजे तुमचं ‘पाठीतलं इंजेक्शन’, आणि निम्म्यांना पूर्ण भूल, अशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली. साठ दिवसांनी पाहिलं, तर दगावलेले किंवा आधारानेसुद्धा चालू न शकणारे दोन्ही गटांत शंभरातले १८च्या आसपास. भ्रम दोन्हीकडे साधारण पाचात एकाला. खुबा मोडून घाईने आलेला माणूस आणि ठरवून गुडघा बदलायला आलेली तुमची आई यांत फरक आहे, तिची परिस्थिती त्यांच्यापेक्षा बरी. पण स्पायनल घेतलं की डोकं शाबूत आणि पूर्ण भूल घेतली की डोकं गेलं, हा हिशेब काही जुळत नाही.

तरीही गुडघ्यासाठी बहुतेक ठिकाणी स्पायनलला पहिली पसंती असते, आणि तुमच्या सर्जनांशी मी सहमत आहे. घशात नळी घालावी लागत नाही, मळमळ कमी होते, ऑपरेशन संपल्यावर पहिले काही तास दुखत नाही. कण्याच्या खालच्या भागात, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली, बारीक सुईने औषध सोडतात. पाच-दहा मिनिटांत पाय गरम, मग जड, मग नाहीसे झाल्यासारखे वाटतात. दोन ते चार तासांनी परत येतात. त्यामुळे सुई मज्जारज्जूत घुसून पाय जातील ही भीती आईने मनातून काढावी. बीपी खाली येतं, ते अपेक्षितच असतं, शेजारी औषध भरून ठेवलेलं असतं.

मावशींच्या पाठीबद्दल थोडं नाजूकपणे बोलावं लागेल, कारण ‘सिझेरियनच्या इंजेक्शनने पाठ धरली’ हे घरोघरी इतकं पक्कं आहे की डॉक्टर खोटं ठरतात. टोचलेल्या जागी दोन-चार दिवस ठणकतं, हे खरं. पण वर्षानुवर्षं पाठ दुखण्याचा आणि त्या सुईचा संबंध अभ्यासांत सापडत नाही. बाळंतपण, बाळाला घेऊन वाकणं-उचलणं, त्या काळात सैल पडलेले स्नायू, यांचा जास्त सापडतो. मावशींची पाठ दुखते हे खरंच आहे, फक्त आरोपी चुकीचा पकडलाय. डोकेदुखीची गोष्ट निराळी. ती सुईने होऊ शकते. ऑगस्ट १८९८ मध्ये जर्मनीत आउगुस्ट बीअर यांनी पहिली स्पायनल भूल दिली, आणि मग त्यांनी व त्यांच्या मदतनिसाने हा प्रयोग एकमेकांवर करून पाहिला. मदतनिसाच्या नडगीवर हातोडी मारून पाहिली, दुखलं नाही, दोघे खूश. पुढे दोघांचीही डोकी अशी धरली की विचारू नका, कारण मेंदूभोवतालचं पाणी सुईच्या भोकातून झिरपलं होतं. आजच्या सुया खूपच बारीक, पेन्सिलीसारख्या टोकाच्या, आणि ही डोकेदुखी तरुणांना जास्त, सत्तरीपुढे फारच कमी होते.

दोन गोष्टी मात्र आधी विचारून ठेवा. वयाबरोबर मणक्यातल्या फटी बुजत जातात, त्यामुळे कधी कधी सुई जातच नाही, किंवा भूल अर्धवट चढते. मग पूर्ण भूल द्यावी लागते. आईला हे आधी माहीत असेल तर टेबलावर ते संकट वाटणार नाही. दुसरी गोष्ट, स्पायनल दिलं की वर झोपेचं औषध देण्याची पद्धत आहे, कारण करवतीचा आणि हातोडीचा आवाज सुताराच्या कामासारखा येतो आणि तो कुणालाच ऐकायचा नसतो. पण वयस्कर माणसाला ते औषध जितकं हलकं तितकं बरं. हाक मारली की डोळे उघडतील इतपत. गाढ झोपवूनच टाकायचं तर जागं राहण्यातला फायदा गेला. आईला विचारा तिला काय हवंय. काहींना सगळं ऐकायला आवडतं, काहींना कानावर हेडफोन हवे असतात.

कानावरून आठवलं. आईला ऐकू कमी येतं, ती ऐकण्याचं यंत्र लावत असेल तर त्याचं बघा. थिएटरच्या दाराशी चष्मा, कवळी, यंत्र सगळं काढून पिशवीत भरून नातेवाइकांच्या हातात देतात. हेतू चांगलाच असतो, हरवू नये, मोडू नये. पण विचार करा. ७६ वर्षांची बाई, ऐकू येत नाही, नीट दिसत नाही, भोवती सगळे मास्क लावलेले, म्हणजे ओठ वाचायचीही सोय नाही, आणि कुणीतरी सांगतंय ‘आजी, पाठ मांजरासारखी वाकवा’. इथूनच गोंधळाला सुरुवात होते. स्पायनलच्या वेळी यंत्र कानात राहू देता येतं. आधी विचारा, बहुतेक भूलतज्ज्ञ हो म्हणतील. कवळी काढतातच. नाहीच जमलं तर रिकव्हरीत पोचताच यंत्र, चष्मा परत कानाडोळ्यांवर चढले पाहिजेत, हे काम तुमच्यातल्या एकाने अंगावर घ्यावं. सेल नवे घाला.

औषधांचं थोडक्यात, कारण यादी बघितल्याशिवाय नेमकं सांगणं धोक्याचं आहे. मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी नावं असतील तर त्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात, नाहीतर साखर वरवर ठीक दिसते आणि रक्तात आम्ल साठत जातं. बीपीच्या ‘सार्टान’ने संपणाऱ्या गोळ्या बहुधा त्या सकाळी देत नाहीत, पण मेटोप्रोलोलसारख्या गोळ्या उलट चुकवायच्या नसतात. रक्त पातळ करणारं क्लोपिडोग्रेल चालू असेल तर स्पायनलच्या आधी पाच-सात दिवस बंद लागतं, हृदयात स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच. आठवड्यातून एकदा घ्यायचं मधुमेहाचं किंवा वजनाचं इंजेक्शन चालू असेल तर त्याने पोट उशिरा रिकामं होतं, तेही सांगा. गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, ८च्या वर असेल तर बहुतेक सर्जन थांबायला सांगतात. जखम पिकण्याचा धोका नको म्हणून. थांबायला सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका. हिमोग्लोबिन कमी असेल तर महिनाभरात भरून काढता येतं. रात्री मोठ्याने घोरत असेल आणि मधेच श्वास अडकत असेल, तर तेही फॉर्मवर लिहायचं असतं, हसण्यावारी न्यायचं नसतं.

उपाशी राहण्याबद्दल. ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही’ हा नियम जुना झालाय. हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, साधं पाणी किंवा बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. दूध आणि दुधाचा चहा खाण्यात धरतात. जुन्या मधुमेहात पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून आईच्या बाबतीत वेळा भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या. पण सकाळचं ऑपरेशन दुपारवर गेलं आणि म्हातारं माणूस कोरड्या घशाने चौदा तास पडून राहिलं, असं होऊ देऊ नका. शरीरातलं पाणी कमी होणं हे भ्रमाचं एक कारण आहेच.

आता ऑपरेशननंतरचे खरे तीन दिवस. माझ्या मते आईचं डोकं जपायचं ते इथे, टेबलावर नव्हे.

आधी दुखण्याचं, कारण न दुखणं हासुद्धा भ्रमावरचा उपाय आहे. हल्ली मांडीच्या आतल्या बाजूने सोनोग्राफीत बघत एक ब्लॉक, म्हणजे नसेजवळ बधिर करणारं इंजेक्शन, देतात. त्याने गुडघ्याची वेदना कमी होते पण मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद बऱ्यापैकी राहते. जांघेत दिल्या जाणाऱ्या जुन्या ब्लॉकमध्ये तो स्नायूच लुळा पडायचा आणि पेशंट उभा राहिला की गुडघा मोडून खाली. सर्जनही सांध्याभोवती औषध टोचतात. या सगळ्याचा परिणाम असा की पहिल्या दिवशी आई फोनवर सगळ्यांना सांगेल, ‘काहीच दुखत नाही गं!’ आणि दुसऱ्या रात्री रडेल. ब्लॉक उतरतो तेव्हा दुखणं एकदम येऊन आदळतं. काही बिघडलं म्हणून नाही, हे असंच असतं. म्हणून दुखत नसतानाही गोळ्या घड्याळाप्रमाणे द्यायच्या. पॅरासिटामॉल हा पाया. सूज-वेदनेच्या इतर गोळ्या तिच्या किडनीची तपासणी बघून. तीव्र वेदनाशामकं लागतील तेवढीच, थोडी, आणि त्यांच्याबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. तुम्हाला हसू येईल, पण तीन दिवस साचलेलं पोट आणि तुंबलेली लघवी यांनी म्हाताऱ्या माणसाचं भान हरपतं. लघवीची नळी लवकर काढतात, आणि स्पायनलनंतर लघवी अडू शकते. सहा-आठ तासांत झाली नाही तर सांगा.

बाकी सगळं औषधाविना होणारं आहे. खिडकीजवळचा पलंग मिळाला तर उत्तम. दिवसा उजेड, रात्री अंधार, रात्रीची तपासणी टाळता येण्यासारखी असेल तर टाळा म्हणून विनंती. समोर दिसेल असं घड्याळ. घरचं एक माणूस सतत, आणि शक्यतो तेच तेच. दर तासाला नवा भेटायला येणारा नको. रक्ताचं नातं असलं तरी बाराजण येऊन बडबडून गेले की माझा पेशंट संध्याकाळी हमखास बिथरतो. ती काही चुकीचं बोलली, ‘त्या भिंतीवर मुंग्या आहेत’ म्हणाली, तर वाद घालू नका, हसू नका, हात धरून ‘तू हॉस्पिटलमध्ये आहेस, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मी इथेच आहे’ एवढं शांतपणे सांगा, पुन्हा पुन्हा. आणि ‘आज झोपेचं काहीतरी द्या’ असा आग्रह ड्यूटीवरच्या डॉक्टरांना करू नका. रात्री एक वाजता दमलेल्या नातेवाइकांच्या दबावाखाली दिलेलं इंजेक्शन सकाळी महागात पडतं.

उभं करतील ते त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी. घाई वाटेल, पण पायात रक्ताची गुठळी होऊ नये, फुप्फुसं साफ राहावीत, दोन्हीसाठी ते लागतं. मात्र रात्री बाथरूमला एकटीने उठायचं नाही. ‘कशाला उठवू तुला’ या मायेपायी होणारी पडापड मी खूप पाहिलीय. बेल तिच्या उजव्या हाताशी बांधा.

घरी गेल्यावर गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही, कितीही आराम वाटो. गुडघा वाकलेलाच आखडतो. उशी टाचेखाली. वॉकर दोन-तीन आठवडे, मग काठी, बरीचशी रोजची कामं सहा आठवड्यांत. सूज आणि ऊब मात्र महिनोन्‌महिने राहते, वर्षभर थोडं थोडं सुधारत राहतं. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा राहतो, तो बहुतेकांना राहतो. पाचातला एखादा पेशंट वर्षानंतरही पूर्ण समाधानी नसतो, हे सर्जनांकडून आधी ऐकून घ्या. पोटरी सुजून दुखायला लागली, धाप लागली, छातीत दुखलं, ताप आला किंवा जखमेतून पाणी यायला लागलं तर उद्याची वाट बघायची नाही. एका वेळी एकच गुडघा ठरवलात ते तिच्या वयाला आणि आजारांना धरून योग्यच केलंत. दुसऱ्याचा विषय आत्ता काढूच नका.

राहिलं आईला न सांगणं. ती घाबरलेलीच आहे हो. शेजारच्या आजोबांना पाहून तिने स्वतःपुरता निष्कर्षही काढलाय, आणि तो तिने तुम्हाला स्वच्छ शब्दांत सांगितलाय. तिचा प्रश्न तुमच्या प्रश्नापेक्षा चांगला आहे. तुम्ही विचारता कोणती भूल, ती विचारते माझ्या डोक्याचं काय. भूलपूर्व तपासणीत हेच वाक्य तिने तिच्या तोंडाने भूलतज्ज्ञांना म्हणायला हवं, म्हणजे झोपेचं औषध हलकं, ब्लॉक, यंत्र कानात, जवळ ओळखीचं माणूस, हे सगळं तिथेच तिच्या कागदावर लिहिलं जाईल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पळत पळत फिटनेस घ्यायला जाऊ नका. या आठवड्यातच वेळ मागून घ्या. टेबलासमोरच्या खुर्चीत आईला बसवा, तुम्ही बाजूला बसा. ‘तिला ऐकू येत नाही, मीच सांगते’ असं म्हणायचा मोह होईल, तो आवरा आणि डॉक्टरांना जरा मोठ्याने बोलायला सांगा. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरून न्या. त्यात ती अर्धी तोडून ठेवलेलीसुद्धा.